घोड्यांच्या आजारांत काम करायचंय : बी.एस्सी. की पशुवैद्यक?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, विषय जीवशास्त्र. शेजारच्या घोडीवाल्यांची वरातीची घोडी मध्यंतरी आजारी पडली. सणकून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद. डॉक्टरांनी रक्त तपासून गोचिडांमुळे होणारा आजार म्हणून सांगितलं. तेव्हापासून हिला तेच शिकायचंय. घरचे म्हणतात, इंदुरातच मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. कर. घोड्यांवर पोट भरेल का? – एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, बी.एस्सी.ची घाई करू नका. तिला हेच काम करायचं असेल तर रस्ता पशुवैद्यकीय पदवीतून जातो. आजार नीट समजून घेतला की का ते लक्षात येईल.

घोड्यांच्या या आजाराला पायरोप्लाझ्मोसिस म्हणतात. तो दोन परजीवींमुळे होतो : थायलेरिया इक्वी आणि बबेसिया कॅबाली. दोन्ही गोचिडांतून घोड्याच्या रक्तात येतात आणि तांबड्या पेशी फोडतात. त्यातूनच ताप, कावीळ आणि गडद लघवी. एकच सुई चार घोड्यांना टोचली तरी रोग पसरतो, आणि थायलेरिया घोडीच्या पोटातल्या शिंगराला गर्भातच होऊ शकतो.

निदानाची सुरुवात काचपट्टीवर होते आणि इथेच कसब लागतं. कानाच्या टोकाच्या बारीक रक्तवाहिनीतून थेंब घ्यायचा, पातळ थर ओढायचा, लगेच वाळवायचा, मिथेनॉलमध्ये तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, मग एकास दहा पातळ केलेल्या गीम्सा रंगात साधारण अर्धा तास. रंग पातळ करायचं पाणी ७.२ पीएचचं हवं. आम्लधर्मी असेल तर परजीवी फिकट दिसतात आणि हुकतात. पावसाळ्यात थर हळू वाळला की पेशींवर चमकदार ठिपके उमटतात. नवशिके त्यांनाच परजीवी समजतात. पेशीवर बसलेली प्लेटलेट आणि रंगाचा गाळसुद्धा तसंच फसवतात. थरच जाड असेल तर पेशी एकमेकींवर चढतात आणि काहीच धड दिसत नाही. शंभरच्या तेली भिंगाखाली, थराच्या पातळ कडेला, एका पेशीत चार बारीक तुकडे फुलीसारखे जुळलेले दिसले तर थायलेरिया. टोकाला जोडलेली, जरा मोठी नासपतीसारखी जोडी दिसली तर बबेसिया. बबेसियात मात्र बहुधा एक टक्कासुद्धा पेशी बाधित नसतात. त्यामुळे काच कोरी निघाली म्हणून घोडा निरोगी, असं कधीच म्हणता येत नाही. मग एलायझा (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) किंवा पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) करावी लागते.

एवढं काम बी.एस्सी. झालेली मुलगी शिकेल, यात शंका नाही. पण पुढे काय? असाच ताप आणि असाच फिकेपणा सर्रा रोगातही येतो. त्याचा परजीवी वेगळा, तो चावऱ्या माशांमुळे पसरतो आणि त्याचं औषधही वेगळं. पायरोप्लाझ्मोसिसवर इमिडोकार्ब देतात : बबेसियाला किलोमागे २.२ मिलिग्रॅम, चोवीस तासांच्या अंतरानं दोनदा. थायलेरियाला ४ मिलिग्रॅम, बहात्तर तासांच्या अंतरानं चारदा. या औषधानं घोड्याला लाळ सुटते, पोटात कळा येतात. गाढवांना तर थायलेरियाची मात्रा जिवावर बेतू शकते. शिवाय थायलेरिया बहुधा शरीरात जन्मभर राहतो आणि ताण पडला, घोड्याला फार राबवलं, की पुन्हा डोकं वर काढतो. म्हणजे औषध द्यायचं की नाही आणि किती, हे काच आणि घोडा दोन्ही बघून ठरतं. तो अधिकार १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. तुमच्या मुलीला बरी झालेली घोडी बघायचीय, असं मला पत्रावरून वाटतं. नुसत्या रेणूंचा अभ्यास आवडत असेल तर बी.एस्सी. चुकीची नाही, पण मग तिला घोड्याजवळ जायला मिळणार नाही.

तुमच्यासाठी महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे. ते जबलपूरच्या नानाजी देशमुख विद्यापीठाशी जोडलेलं आहे. अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा. प्रवेशासाठी ‘नीट’ (NEET) ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते. १५ टक्के अखिल भारतीय जागाही नीटवरूनच भरतात. पदवीत घोड्यांचा वाटा थोडा असतो, गाई-म्हशी जास्त. ते वाया जात नाही, कारण गाईंतही थायलेरिया आणि बबेसिया असतात आणि रोज काचा बघून हात बसतो. त्यामुळे 'मला फक्त घोडे' हा हट्ट पदवीपर्यंत तरी बाजूला ठेवायला सांगा. परजीवीशास्त्र किंवा मेडिसिन हा विषय पुढे एम.व्ही.एस्सी.ला, म्हणजे पदव्युत्तर पदवीला, निवडता येतो.

पोटाचं म्हणाल, तर केवळ घोड्यांच्या जागा थोड्याच आहेत, हे आधीच कळलेलं बरं. लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये (लष्करातली जनावरं सांभाळणारा विभाग) पशुवैद्यक घेतात, आता महिलांनाही. २०२५मध्ये मेरठच्या त्यांच्या केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेनं घोड्यांच्या रोगांपासून मुक्त विभाग म्हणून मान्यता दिली. त्या रोगांत पायरोप्लाझ्मोसिसही आहे, कारण परदेशी जाणाऱ्या घोड्याची त्यासाठी तपासणी होते. संशोधनासाठी हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. रेसकोर्स, स्टड फार्म (घोड्यांची पैदास केंद्रं), पोलिसांचे घोडे आणि खाजगी प्रॅक्टिस यांतही काम मिळतं. आणि राज्य लोकसेवा आयोगातून सरकारी पशुवैद्यक होण्याचा मार्ग आहेच. तोच बहुतेकांना आधी हाती लागतो.

नीटला यंदा जमलं नाही तर एक वर्ष जरूर थांबा. पशुपालनाचा दोन वर्षांचा डिप्लोमा चांगला आहे, पण त्यातून पशुवैद्य म्हणून नोंदणी होत नाही, हे अर्ज भरण्याआधी तिला स्पष्ट सांगा. आणि परीक्षा झाल्या की महूच्या दवाखान्यात विचारून तिला दोन सकाळ उभी करा. ताप मोजताना घोडा मागचा पाय उचलतो तेव्हा ती बाजूला सरते की घाबरून घरी निघते, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.