विमानतळासाठी रेल्वे थांबा

प्रश्न : उजळाईवाडी विमानतळासाठी मिरज–कोल्हापूर मार्गावर नवा थांबा हवा. नुसता फलाट बांधला की भागेल ना?

उत्तर : नाही. आधी जागेचा चढ-उतार मोजतात. नव्या स्थानकात तो 400 मीटरला 1 मीटरहून जास्त चालत नाही, नाहीतर उभे डबे घरंगळण्याचा धोका. वळणही टाळावं, डबा आणि फलाटात फट वाढते अन् बॅग घेऊन चढणारा अडखळतो. एलएचबी डबा (आजच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा नव्या धाटणीचा डबा) जोडणीसह साधारण 24 मीटरचा, म्हणजे 24 डब्यांना सुमारे 576 मीटर फलाट लागतो. उंची रुळापासून 760 ते 840 मिलिमीटर.

विमानतळ रुळाला लागून नाही, म्हणून गाडीच्या वेळेला जोडून बस हवीच. ती नसेल तर उतरलेला प्रवासी रिक्षाच शोधणार.