व्हिडिओ जुगाराचे समभाग आणि बाहेरचा दबाव

प्रश्न : व्हिडिओ जुगाराची यंत्रे चालवणाऱ्या कंपन्या परवाना घेऊन, कर भरून व्यवसाय करतात. तरीही वृत्तपत्रांनी मोहीम उघडली आणि नेत्यांनी ती उचलून धरली, की त्यांचे समभाग घसरतात. कायदेशीर धंद्यातील भागधारकांना ही शिक्षा कशासाठी?

उत्तर : भागधारकाचे नुकसान खरे असते, पण त्याला शिक्षा म्हणणे मला पटत नाही. ज्या धंद्याची कमाई सरकारने ठरवून दिलेल्या मर्यादेवर उभी असते, त्यात ती मर्यादा बदलण्याची जोखीम पहिल्या दिवसापासूनच असते.

ब्रिटनमधील सट्ट्याच्या दुकानांना प्रत्येकी चार यंत्रे ठेवण्याची मुभा होती आणि त्यांच्या पडद्यावरील रूलेवर, म्हणजे फिरत्या चाकावरील आकड्यांच्या जुगारावर, दर 20 सेकंदांना 100 पौंडांपर्यंत पैज लावता येत असे. म्हणजे एकट्याने यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाचे मिनिटाभरात 300 पौंड जाऊ शकत होते. वृत्तपत्रांनी या यंत्रांना जुगारातले ‘क्रॅक कोकेन’, म्हणजे झटकन व्यसन लावणारे अमली द्रव्य, म्हटले. शब्द भडक होता, पण हा हिशेब कोणालाही खोडता आला नाही. मे 2018 मध्ये सरकारने पैजेची मर्यादा 2 पौंडांवर आणण्याचे जाहीर केले. अंमलबजावणी ऑक्टोबर 2019 पर्यंत लांबणार असे दिसताच जुगाराचा विषय सांभाळणाऱ्या मंत्री ट्रेसी क्राउच यांनी राजीनामा दिला, सरकारला माघार घ्यावी लागली आणि 1 एप्रिल 2019 पासून नवी मर्यादा लागू झाली. पुढे सट्ट्याची दुकाने चालवणाऱ्या विल्यम हिल कंपनीने सुमारे 700 दुकाने बंद करण्याचा विचार असल्याचे सांगितले. त्या दुकानांतील कर्मचाऱ्यांचे दुःख मला भागधारकांच्या तोट्यापेक्षा मोठे वाटते, कारण धंदा कोणत्या पायावर उभा करायचा हे त्यांनी ठरवले नव्हते.

जाणते गुंतवणूकदार मात्र गाफील नव्हते. डिसेंबर 2017 मध्ये जुगार व्यवसायातील जीव्हीसी कंपनीने सट्ट्याच्या दुकानांची मालक असलेली लॅडब्रोक्स कोरल कंपनी विकत घेण्याचा करार केला, तेव्हा किमतीचा काही भाग सरकार पैजेची मर्यादा किती ठरवते यावरच अवलंबून ठेवला होता. दबावाची किंमत करारातच धरलेली होती.

शिवाय दबाव एकाच बाजूने येतो असेही नाही. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात व्हिडिओ पोकरला (यंत्रावरील पत्त्यांच्या जुगाराला) विरोध करणारे गव्हर्नर डेव्हिड बीसली 1998 ची निवडणूक हरले. त्यांच्याविरुद्ध या उद्योगाने भरपूर पैसा ओतला होता. तरीही 1 जुलै 2000 पासून तेथे ही यंत्रे बेकायदा ठरली. राजकारणात स्वतः उतरलेल्या उद्योगाने राजकीय हस्तक्षेपाची तक्रार करावी, हे मला मान्य होण्यासारखे नाही.

प्रश्न : मग असे समभाग घेऊच नयेत काय?

उत्तर : ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने 2010 च्या अहवालात असा अंदाज मांडला, की तेथील जुगारयंत्रांवरील एकूण खर्चापैकी सुमारे 40 टक्के खर्च जुगाराच्या आहारी गेलेल्यांच्या खिशातून येतो. माझ्या मते समभाग घेण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारावे, की तिचे किती उत्पन्न अशा ग्राहकांकडून येते आणि पैजेची मर्यादा खाली आली तर नफ्याचे काय होईल. या दोन्हींची स्पष्ट उत्तरे मिळत नसतील, तर त्या कंपनीत पैसे गुंतवू नयेत.