पाकिटामागचा मजकूर

प्रिय,

तुझं पार्सल मिळालं. तू बनवलेलं चॉकलेट दोन दिवसांत संपलं, त्यामुळे त्याबद्दल वेगळं सांगायला नको. पाकिटामागचा चॉकलेटच्या इतिहासाचा मजकूर मात्र चार वेळा वाचला आणि आज त्यावरच लिहायला बसले आहे. 'इतिहास थोडक्यात बसलाय ना?' असं तू विचारलंयस. बसलाय, पण दाटीवाटीने, आणि भलतेच पाहुणे पुढच्या रांगेत बसलेत.

पहिलंच वाक्य घे. 'सम्राट मॉन्टेझुमा रोज पन्नास पेले चॉकलेट पीत असे.' हे इतक्या ठिकाणी छापलं गेलंय की आता कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. बर्नाल दियास देल कास्तियो नावाचा एक स्पॅनिश सैनिक, मॉन्टेझुमाचं मेक्सिकोतलं अॅझ्टेक राज्य जिंकणाऱ्या कोर्तेझबरोबर होता. त्याने म्हातारपणी आठवणी लिहिल्या. त्यात एवढंच आहे, की सम्राटाच्या जेवणाच्या वेळी फेसाळ कोकोचे पन्नासेक मोठे कुंभ आणले गेले आणि त्यातलं तो प्यायला. अख्ख्या दरबारासाठी आलेले कुंभ सांगणाऱ्यांनी एकट्याच्या पोटात रिचवले! खोड ते वाक्य.

'१५२८ मध्ये कोर्तेझने चॉकलेट स्पेनला आणलं' हेही काढ. त्याला कागदोपत्री आधार नाही. स्पेनमध्ये चॉकलेट पोचल्याची पहिली पक्की नोंद १५४४ ची आहे. ग्वाटेमालाच्या बाजूच्या केक्ची माया लोकांचं एक शिष्टमंडळ डॉमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंबरोबर राजपुत्र फिलिपच्या भेटीला गेलं, तेव्हा नजराण्यात घुसळलेलं चॉकलेट होतं. म्हणजे ज्यांचं पेय होतं, तेच ते घेऊन गेले. मला तर ही गोष्ट जास्त देखणी वाटते.

आणि सुरुवात मेक्सिकोपासून करू नकोस. दक्षिण इक्वेडोरमधल्या सांता आना-ला फ्लोरिडा इथल्या उत्खननात सापडलेल्या भांड्यांवर कोकोचे अंश मिळाले आणि ते सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे निघाले. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधीची पुस्तकं मध्य अमेरिकेपासून सुरुवात करतात, तो त्यांचा दोष नाही. आपण आज लिहितोय, आपल्याला मात्र सबब नाही.

आता गंमत हवीच असेल तर खरी गंमत घाल. 'पैसे काय झाडाला लागतात?' हे आपण लहानपणी किती वेळा ऐकलं असेल! मेक्सिकोत खरोखरच लागत होते, कारण तिथे कोकोच्या बियाच पैसे म्हणून चालायच्या. तिथल्या तलाश्कालाची १५४५ ची एक दरांची यादी आहे. त्यात टर्कीची मादी १०० कोकोबियांना, लहान ससा ३० ला. अॅव्होकाडो नुकता तोडलेला असेल तर ३ बिया, पूर्ण पिकलेला असेल तर १. पैसा आला की खोटा पैसाही आलाच. बीचा गर काढून टरफलात माती भरायची आणि बाजारात चालवायची. त्याआधी १५०२ मध्ये कोलंबसच्या माणसांनी होंडुरासजवळ व्यापाऱ्यांची एक मोठी होडी पकडली. तिच्यातले 'बदाम' खाली सांडले, की ते व्यापारी डोळा निखळून पडावा तसे उचलायला धावत, असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय. ते बदाम म्हणजे कोको होता, हे कोलंबसच्या माणसांच्या गावीही नव्हतं.

यंत्रांच्या भागाला तू अर्धं पाकीट दिलंयस. १८२८ ला व्हॅन हाउटेनचं कोकोतली चरबी पिळून काढणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट, १८४७ ला ब्रिस्टलमध्ये फ्राय कंपनीची खायची वडी, १८७५ च्या सुमाराला डॅनियल पीटरचं दुधाचं चॉकलेट, १८७९ ला लिंटची तासन्‌तास घोटण्याची पद्धत. बरोबर आहे सगळं. दोन ओळींत आटप.

कारण जी जागा वाचेल तिथे आंबवणं यायला हवं. तुझ्या मजकुरात तो शब्दच नाही, आणि मला खरा राग आलाय तो याचा. कोकोचं फळ फोडून ताजी बी चावून बघ. भोवतीचा पांढरा गर आंबटगोड, आतली बी कडू-तुरट, जीभ ओढून घेणारी. चॉकलेटचा मागमूस नाही. मग त्या बिया गरासकट केळीच्या पानांखाली किंवा लाकडी खोक्यांत पाच-सहा दिवस ठेवतात, मध्येमध्ये उलथतात. आधी यीस्ट गरातली साखर खाऊन अल्कोहोल करतं, मग जिवाणू त्या अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. ढीग ५० अंशांच्या आसपास तापतो. बीमधला अंकुर मरतो, आतले पडदे फुटतात, आणि भाजल्यावर जो वास दरवळतो त्याचा कच्चा माल तिथे तयार होतो. तुझ्या भट्टीला त्या खोक्यात जे झालं तेच फुलवता येतं. झालंच नसेल तर भट्टी काय करणार?

म्हणून पोतं आलं की भाजायच्या आधी शंभर दाणे काढ आणि धारदार सुरीने उभे चिरून ओळीने मांड. आत तपकिरी रंग आणि मेंदूसारख्या भेगा दिसल्या तर माल नीट आंबलाय. जांभळा, घट्ट दिसला तर घाई झाली आहे. पाटीसारखा राखाडी निघाला तर आंबवलाच नाही. आत बुरशी दिसली तर दाणे मोज आणि विकणाऱ्याला आकडा कळव. सुरुवातीला मी हे टाळायचे. वेळ जातो म्हणून. मग तुरटपणा लपवायला साखर वाढवत बसायचे.

खोक्यापाशी उभा असलेला माणूसही तुझ्या पाकिटावर नाही. १९०५ च्या सुमाराला हेन्री नेव्हिन्सन हा पत्रकार आफ्रिकेतल्या अंगोलाला आणि साओ टोमे बेटावर गेला आणि त्या बेटावरच्या कोकोच्या मळ्यांत करारी मजुरीच्या नावाखाली गुलामी कशी चालते ते त्याने लिहिलं. तिथून माल घेणाऱ्या कॅडबरीसारख्या कंपन्यांचे मालक क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, गुलामीविरोधी परंपरेतले! कुजबुज काही वर्षं आधीपासून त्यांच्या कानावर होती, तरी खरेदी थांबली १९०९ मध्ये. आज जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घानामधून येतो, बहुतेक लहान शेतकऱ्यांकडून. बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार हटवण्याच्या करारावर मोठ्या कंपन्यांनी २००१ मध्ये सह्या केल्या. प्रश्न अजून आहे. हे सगळं पाकिटावर छाप असं मी म्हणत नाही. पण बी कुठल्या गावची, कुणी आंबवली, एवढं तरी छाप. छापायचं ठरवलंस की ते विचारावं लागेल, आणि विचारायला लागलीस की पुरवठादार बदलावा लागेल, बहुधा.

जाता जाता, पाठवलेल्या वड्यांपैकी एकीवर पांढुरके डाग होते. घाबरू नकोस. माझ्या पहिल्या वर्षी असे डाग दिसले तेव्हा बुरशी समजून मी अख्खा घाणा फेकून दिला होता. ती बुरशी नव्हती, वर आलेलं कोको बटर, म्हणजे कोकोतली चरबी होती. हे बटर सहा प्रकारांनी गोठतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा, कारण तो ३४ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे हातात टिकतो आणि जिभेवर विरतो. तोडताना 'कट्‌' असा आवाज येतो तोही त्याचाच. टेम्परिंग करताना, म्हणजे हा पाचवा प्रकार जमावा म्हणून तापवून-निववून घेताना, काळं चॉकलेट ४५ ते ५० पर्यंत वितळव, २७-२८ पर्यंत उतरव, परत ३१-३२ वर आण. मला वाटतं तू शेवटच्या पायरीला घाई केलीस, नाहीतर वड्या उन्हात राहिल्या. डागाळलेली वडी मी आधी खाल्ली. चवीला ठीक होती, थोडी भुसभुशीत.

नवा मजकूर पाठवशील तेव्हा चिरलेल्या शंभर दाण्यांचा फोटोही पाठव. उजेडात काढ, दिव्याखाली जांभळाही तपकिरी दिसतो.