आठवी-नववीची मुलं आणि “आता काय उपयोग?”

गेल्या काही वर्षांत ठाणे, ऐरोली, घणसोलीचे आईबाबा माझ्याकडे समुपदेशनाला एकच काळजी घेऊन येतात, मूल हवामानबदलाचे रील बघतं आणि म्हणतं आता अभ्यास करून काय उपयोग. त्यातलाच एक नववीतला मुलगा (ओळख पटेल असे तपशील बदललेत).

आई म्हणाली, “मॅडम, याला कितीदा सांगितलं, असं काही होणार नाही. रात्रभर जागा असतो.”

तो लगेच म्हणाला, “2050 ला नवी मुंबई पाण्याखाली जाणार, आणि ही म्हणते काही होणार नाही.”

समुद्राची पातळी वाढतेय हे मी मान्य केलं, फक्त कुठल्या साली काय बुडेल ते रीलमध्ये सांगतात तितकं सरळ नसतं, हेही सांगितलं. तिथे तो जरा सैलावला, कारण मी त्याला खोटं पाडलं नव्हतं. मग विचारलं, सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?

बराच वेळ गप्प. मग एकदम, “शाळेत पर्यावरणाच्या प्रोजेक्टला थर्माकोलची पृथ्वी करायला लावली. मी म्हटलं यावर 2018 पासून बंदी आहे, तर सर म्हणाले मार्क हवेत ना? बाबा पण तेच म्हणाले.” आणि रडायला लागला.

मला इथे सगळं उलगडलं. आम्ही ज्याला भीती समजत होतो तो राग होता, एकटं पडल्याचा. मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरच्या विचारांची, माणसाला आपण सोबत आहोत आणि आपला उपयोग आहे असं वाटावं लागतं हे मी पुन्हापुन्हा बघितलंय, आणि इतक्या वर्षांच्या कामात ते मुलांच्या बोलण्यातून ऐकू यायला लागलंय याचं समाधान आहे.

त्याला ॲमेझॉनच्या जंगलाचं सगळं पाठ, पण घराजवळच्या ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला हे माहीत नव्हतं, बाबांनाही नव्हतं. दोघांना ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात पाठवलं. पुढच्या वेळी बाबाच सांगत होते, चिखलातून वर आलेली तिवराची मुळं श्वास घेतात, पानावर मीठ जमतं, “हा म्हणाला चाटून बघा, मी चाटलं!” मुलगा हसत होता, बाबांना मध्येच दुरुस्त करत होता.

तेव्हा पालकांनो, “काही होणार नाही” म्हणू नका, त्याला काय माहितीये ते आधी ऐका. घरातली एखादी गोष्ट त्याच्या सांगण्यावरून खरंच बदला, आणि शाळेत त्याच्या बाजूने बोला. पण झोप, जेवण दोन-तीन आठवडे बिघडलेलं असेल, शाळा नको म्हणत असेल तर परीक्षा संपायची वाट बघू नका, समुपदेशकाकडे या.