काल्पनिक बँडची प्रचार-वेबसाइट: बारावीच्या मीडिया प्रकल्पासाठी

प्रश्न थोडक्यात असा: ग्वाल्हेरचे बारावीतले तिघे, मीडिया स्टडीजचा प्रकल्प, ख्यालाच्या बंदिशीवर फ्यूजन करणारा काल्पनिक बँड, त्याच्या पहिल्या गाण्यासाठी वेबसाइट आणि हातात तीन आठवडे. साइट कशात बनवायची, आठ पानांची योजना ठीक आहे का, आणि मोबाइलवर गाणं आपोआप का वाजत नाही, हे विचारलंय.

शेवटचं आधी. ते वाजणार नाही, आणि त्यावर वेळ घालवू नका. क्रोमने 2018 पासून आवाजासकट ऑटोप्ले अडवलाय, आयफोनवरही तेच. पाहणाऱ्याने पानावर कुठेतरी बोट लावल्याशिवाय आवाज सुटत नाही. आवाज बंद असलेला व्हिडिओ मात्र आपोआप चालतो. म्हणून वर सहा-आठ सेकंदांची मूक चित्रफीत फिरती ठेवा आणि तिच्यावर मोठं प्ले बटण द्या. चित्रफीत दोन एमबीच्या आत बसवा.

आता पानं. तुमच्या यादीतलं 'ग्वाल्हेर घराण्याचा इतिहास' हे पान काढून टाका. हद्दू-हस्सू खाँ, तानसेन, 2023 मध्ये युनेस्कोने शहराला दिलेला संगीतनगरीचा मान, हे सगळं खरं आणि अभिमानाचं आहे, पण तो निबंध झाला. प्रचाराची साइट एक गाणं विकते. जे पान पाहणाऱ्याला त्या गाण्याकडे नेत नाही, ते परीक्षकाला भरताड वाटतं. घराण्याचा उल्लेख कलाकार-परिचयात एका वाक्यात येऊ दे. चार पानं पुरतात: गाणं (हेच मुखपान), कलाकार, व्हिडिओ आणि फोटो, कार्यक्रम. मुखपानावर बोटाने खाली न सरकवता पाच गोष्टी दिसल्या पाहिजेत: बँडचं नाव, गाण्याचं नाव, मुखपृष्ठाचं चौकोनी चित्र, प्ले बटण, प्रकाशनाची तारीख. हे 360 पिक्सेल रुंदीच्या फोनवर तपासा. लॅपटॉपवर सगळंच दिसतं.

गाण्याच्या हक्कांबाबत जास्त लिहितो, कारण इथेच बहुतेक गट अडकतात. 'तीस सेकंद वापरले तर चालतात' असा कुठलाही नियम आपल्या कायद्यात नाही. शाळेत शिकताना वापरायला सूट आहे, पण जगाला उघडी असलेली साइट म्हणजे वर्ग नव्हे. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. शब्द आणि चाल यांचा वेगळा असतो, कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणजे जुनी बंदिश मोकळी असली तरी एखाद्या बुवांच्या रेकॉर्डमधला तिचा तुकडा मोकळा असेलच असं नाही. बंदिश निवडताना तिच्यातली मुद्रा, म्हणजे रचनाकाराने बोलांत गुंफलेलं टोपणनाव, बघा. 'सदारंग' असेल तर अठराव्या शतकातली, प्रश्नच नाही. 'चतुर' म्हणजे भातखंडे. ते 1936 मध्ये गेले, त्यांच्या रचनाही मुदतीबाहेर गेल्या. (1918 साली आपल्या गावात माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं ते त्यांच्याच मार्गदर्शनाने, तेव्हा निवड शोभेलही.) मुद्रा ओळखीची नसेल तर गुरुजींना विचारा आणि रचनाकाराचं मृत्युवर्ष काढून त्यात 60 मिळवा. मग ती बंदिश तुमच्यापैकी कोणीतरी गा आणि तुम्हीच रेकॉर्ड करा. यात सर्वात कमी कटकट आहे.

ड्रम्स किंवा बेस आयता घेणार असाल तर क्रिएटिव्ह कॉमन्सची परवानगी नीट वाचा. 'बाय' असेल तर श्रेय द्या. 'एनडी' (बदल करायला मनाई) असेल तर सोडून द्या, कारण त्यावर गायलं किंवा ते व्हिडिओखाली जोडलं की बदल केल्यासारखं होतं. श्रेयात चार गोष्टी हव्यात: शीर्षक, कर्ता, कुठून घेतलं, कोणती परवानगी. 'सौजन्य: इंटरनेट' लिहिलंत तर गुण जातील, आणि जावेतही.

रेकॉर्डिंग फोनवर होतं. पंखा बंद, दाराला गोधडी, तोंडापासून फोन वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे प-फ-भ फुटत नाहीत. तानपुरा ॲपमधून वेगळ्या ट्रॅकवर घ्या, हेडफोन लावून गा. तानपुरा खोलीत मोठ्याने वाजत असेल तर तो आवाजाच्या ट्रॅकमध्ये शिरतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही. फ्यूजनमध्ये हमखास बिघडतं ते सुराचं. कीबोर्ड 440 हर्ट्झच्या प्रमाण सुराला पक्का असतो, घरची पेटी बहुतेकदा थोडी चढी किंवा उतरलेली. पेटीवरून तानपुरा लावला आणि वर कीबोर्ड आला की सगळं गाणं बेसुरं वाटतं, आणि दोष गाणाऱ्याला मिळतो. आधी कीबोर्डचा सूर धरा, त्यावर तानपुरा जुळवा, आणि पेटी जुळत नसेल तर घेऊच नका. ऑडॅसिटी या फुकट ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये सगळे ट्रॅक मिसळून मूळ डब्ल्यूएव्ही फाइल जपून ठेवा, साइटसाठी 192 केबीपीएसची एमपीथ्री काढा. चार मिनिटांच्या गाण्याची ती सहा एमबीच्या आत बसते. डब्ल्यूएव्ही चाळीसच्या वर जाते. 128 ला जागा वाचते, पण तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझणीत गुंज) भुसभुशीत ऐकू येते.

फोटोंसाठी किल्ल्यावर जायचा मोह होईल. प्रत्येक गट जातो. शिवाय ते संरक्षित स्मारक आहे: हातातल्या फोनला कोणी काही म्हणत नाही, पण तिपाई, लाइट किंवा ड्रोन नेणार असाल तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी. मानसिंगाच्या महालाची निळ्या टाइल्सची भिंत मागे घेतली की बँड पर्यटन खात्याच्या जाहिरातीतला वाटतो. शहराच्या लश्कर भागातल्या जुन्या वाड्याचा चौक, जिना, उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड यांतून जास्त खरं चित्र निघतं. वाड्याच्या मालकांना आधी विचारा एवढंच. बाहेर काढायचे असतील तर सकाळी नवाच्या आत, नंतर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. प्रत्येक पोझ आडवी आणि उभी अशी दोनदा घ्या, कारण लॅपटॉपवरचं आडवं चित्र फोनवर दोन्ही बाजूंनी कापलं जातं आणि नेमका कडेचा तबलजी गायब होतो. फोनचा मूळ फोटो तीन-पाच एमबीचा असतो. 1600 पिक्सेल रुंद, जेपीजी गुणवत्ता 80 च्या आसपास केला की बहुधा तीन-चारशे केबीत येतो. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवताना दिसणारं चित्र वेगळं बनवा, 1200 बाय 630.

अक्षरांबद्दल. आपल्याकडच्या टायपिंगच्या दुकानात कृतिदेवमध्ये मजकूर करून देतात. तो साइटवर चिकटवला की निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात, कारण ते युनिकोड नाही. फोनच्या कीबोर्डवर टाइप करा किंवा कन्व्हर्टरमधून काढा, मग ऱ्य, क्ष, रफार एकेक तपासा. मजकुराला 'मुक्त' हा फॉन्ट, शीर्षकाला 'बालू' किंवा 'यात्रा वन'. हे गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. दोनपेक्षा जास्त नकोत. ओळींतलं अंतर दीडपटीहून थोडं जास्त ठेवा, नाहीतर उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. फोटोवर अक्षरं असतील तर फोटोवर अर्धपारदर्शक काळा थर द्या. भाषा एकच ठरवा. तुमचा श्रोता शहरातला कॉलेजचा मुलगा आहे, घरी मराठी असला तरी बाहेर हिंदी वाचणारा, आणि बंदिश ब्रजमध्ये. तेव्हा साइट हिंदीत आणि कलाकाराच्या बोलण्यात मराठीची झाक, हे मला जास्त पटतं. मराठीच हवी असेल तर प्रेक्षक बदला आणि कारण लिहून ठेवा.

साधन कोणतं यावर फार भांडू नका. कोड येत नसेल तर गूगल साइट्स. येत असेल तर गिटहब पेजेस: जागा एक जीबीपर्यंत, पण ब्राउझरमधून चढवताना एका फाइलला 25 एमबीची मर्यादा, म्हणजे ती डब्ल्यूएव्ही तिथे जाणारच नाही. फाइलींची नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. विंडोजला मोठं-छोटं अक्षर सारखंच, सर्व्हरला नाही. घरी दिसलेला फोटो साइटवर तुटलेला दिसला तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच. विक्सच्या फुकट साइटवर त्यांची जाहिरातपट्टी राहते, ती बँडच्या रूपाशी भांडते.

कार्यक्रमांच्या पानावर खोटी तिकीटविक्री नको. तळाशी 'हा शालेय प्रकल्प आहे, बँड काल्पनिक आहे' ही ओळ प्रत्येक पानावर असू द्या, नाहीतर शहरातल्या बैजाताल तलावावरच्या कार्यक्रमाची तारीख बघून कोणीतरी खरंच जाऊन उभं राहील. डिसेंबर टाळा, तानसेन समारोहाच्या दिवसांत नवख्या बँडचा स्वतंत्र कार्यक्रम परीक्षकालाही पटणार नाही. 'बातम्यांसाठी नाव नोंदवा' ही चौकट दिसायला ठेवा, पण तिच्यात खरी माहिती जमा करू नका. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचे सगळे मूल धरलेत आणि त्यांच्या माहितीला पालकांची संमती लागते. स्वतःची आडनावं, शाळा, फोन नंबरही साइटवर नकोत.

मूल्यमापनाच्या वहीसाठी पहिल्या दिवसापासून पडद्याची चित्रं तारखेसह साठवा, आणि प्रत्येकाखाली काय बदललं व का, एवढी एक ओळ. चित्रपट-अभ्यासक रिचर्ड डायरचा तारा-सिद्धान्त (स्टार, म्हणजे प्रसिद्ध कलाकाराच्या प्रतिमेबद्दलचा) वापरणार असाल तर व्याख्या उतरवू नका. तारा एकाच वेळी साधा आणि असामान्य असतो, हे तो म्हणतो; तुमच्या कोणत्या फोटोत गायिका चहा पिताना दिसते आणि कोणत्यात आपल्या आवाक्याबाहेरची, ते दाखवा.

सादरीकरणाच्या दोन दिवस आधी साइट खाजगी विंडोत आणि दुसऱ्याच्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडा. ड्राइव्हवरचं गाणं तुम्हाला वाजतं, कारण तुम्ही लॉगिन केलेलं असतं. सरांना 'परवानगी मागा' दिसतं. शेअरिंग 'दुवा असलेल्या कोणालाही' करा, यूट्यूबवर व्हिडिओ 'खाजगी' नव्हे तर 'असूचीबद्ध' ठेवा. शाळेच्या नेटवर यूट्यूब बंद असण्याची शक्यता धरा आणि साइट वापरतानाचं दोन मिनिटांचं स्क्रीन-रेकॉर्डिंग आवाजासकट पेन ड्राइव्हवर न्या. प्रोजेक्टर जुना, 1024 बाय 768 चा असेल तर शीर्षक कापलं जातं. ब्राउझरचं झूम 80 टक्क्यांवर आणून आधीच पाहून ठेवा.