सॅन डिएगोहून सीमा ओलांडून तिहुआनाचं देशांतर्गत विमान पकडायचं, तर मेक्सिकोचं टुरिस्ट परमिट लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एचवनबी या नोकरीच्या व्हिसावर सॅन डिएगोला, बायको एचफोर या जोडीदाराच्या व्हिसावर, मुलगी अमेरिकन नागरिक. गाडीने सीमा ओलांडायची, तिहुआना विमानतळावरून कॅनकूनला जायचं, कारण अमेरिकेतून थेट जाण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडतंय. विमान मेक्सिकोतून मेक्सिकोतच जाणार, मग परदेशी माणसाला वेगळं परमिट कशाला? आणि ते मागतं तरी कोण?

लागतं. तिघांनाही, मुलीलाही.

पुण्याहून दिल्लीला आधार कार्ड दाखवून जायची सवय असली की आपण देशांतर्गत विमान म्हणजे इमिग्रेशनची भानगड नाही असं धरूनच चालतो. विमानापुरतं ते खरंही आहे. तिहुआना-कॅनकून विमानात बसताना तुमच्या पासपोर्टवर कोणी शिक्का मारणार नाही. पण तुम्ही मेक्सिकोत शिरलात कधी? सीमेवर. त्या शिरण्याची नोंद सीमेवरच व्हायला हवी, आणि तिचा पुरावा म्हणजे हे परमिट. त्याला एफएमएम म्हणतात आणि ते आयएनएम, म्हणजे मेक्सिकोचं स्थलांतर खातं देतं. लॉस एंजेलिसहून थेट कॅनकूनला उतरलात तर तुम्हाला काही करावंच लागत नाही. विमानातून बाहेर पडलं की आपोआप इमिग्रेशनच्या रांगेत पोचता आणि परमिटची फी तिकिटातच कापलेली असते. तिहुआनामार्गे गेलात की ती रांग तुम्हाला स्वतः शोधावी लागते.

खरी गंमत इथेच आहे. सॅन इसिद्रो या अमेरिकेच्या सीमानाक्यावरून गाडीने गेलात तर पलीकडच्या एल चापार्राल नाक्यावर बहुतेक वेळा तुम्हाला कोणी थांबवत नाही. कस्टमवाले फार तर डिकी उघडायला सांगतात. पासपोर्ट न दाखवता तुम्ही दोन मिनिटांत तिहुआनाच्या रस्त्यावर असता. तिहुआना, रोसारितो, एन्सेनादा इथे दिवसभर टाको खाऊन परत येणारे हजारो लोक असेच जातात, आणि त्यातूनच आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘मेक्सिकोला काही लागत नाही रे’ हे ज्ञान पसरतं. कायद्याने त्यांचीही नोंद व्हायला हवी. फक्त तिथे कोणी विचारत नाही. विमानतळावर विचारू शकतात.

म्हणून गाडीनेच जाणार असाल तर नाक्यावर गाडी बाजूला घ्यायची, ‘मिग्रासिओन’ म्हणून विचारायचं, तिघांचे पासपोर्ट घेऊन आत जायचं आणि शिक्का मारून घ्यायचा. अमेरिकेतला गाडीचा विमा मेक्सिकोत चालत नाही, तिथला वेगळा काढावा लागतो. शिवाय गाडी आठवडाभर तिहुआनात कुठे ठेवणार हा प्रश्न उरतोच. पायी ओलांडलीत तर परदेशी लोकांची रांग समोरच असते, ती चुकवता येत नाही.

पण तुम्हाला विमानच पकडायचंय, तर मी सीबीएक्सने जायला सांगेन. आम्ही घरचे नेहमी तसंच जातो. २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेला हा पादचारी पूल सॅन डिएगोच्या ओताय मेसा भागातून निघतो आणि थेट तिहुआना विमानतळाच्या इमारतीत उतरतो. धावपट्टी सीमेच्या कुंपणाला इतकी खेटून आहे की हे शक्य झालं. गाडी अमेरिकेच्या बाजूला पार्क करायची, पुलाचं वेगळं तिकीट काढायचं, बोर्डिंग पास दाखवायचा आणि चालत पलीकडे जायचं. पूल फक्त विमान प्रवाशांसाठी आहे आणि विमान सुटण्याच्या आधीच्या २४ तासांतच ओलांडता येतो. पलीकडे पाऊल टाकलं की आयएनएमची खिडकी असतेच. म्हणजे जी रांग गाडीवाल्याला शोधावी लागते ती इथे वाटेतच येते.

फीचं असं आहे. जमिनीवरून आलात (पूलही त्यातच मोडतो) आणि ७ दिवसांपर्यंत राहणार असाल तर परमिट फुकट. त्याहून जास्त राहायचं तर फी, आणि मग जास्तीत जास्त १८० दिवस मिळू शकतात. फी दरवर्षी बदलते: २०२४ मध्ये माणशी ७१७ पेसो होती, २०२५ मध्ये ८६१ झाली. तुमची सहल नऊ दिवसांची असेल आणि अधिकाऱ्याने सवयीने ७ लिहून फुकटात सोडलं, तर आनंदाने पुढे जाऊ नका. तिथेच ‘नऊ दिवस’ म्हणून सांगा, पैसे भरा आणि आकडा वाचून मगच खिडकी सोडा. हे परमिट आत गेल्यावर वाढवून मिळत नाही.

फॉर्म आयएनएमच्या संकेतस्थळावर आधी भरून छापून नेता येतो. मात्र सीमेवर शिक्का बसेपर्यंत तो नुसता कागद आहे. हेच काम ‘सेवा’ म्हणून जास्त पैसे घेऊन करणारी बरीच खासगी संकेतस्थळं शोधात आधी दिसतात, तिकडे फिरकू नका. आणखी एक बारीकशी गोष्ट. मेक्सिकन लोकांना दोन आडनावं असतात, त्यामुळे तिथल्या विमान कंपन्यांचे फॉर्म कधीकधी दुसरं आडनाव मागतात. तिथे वडिलांचं नाव कोंबायचा मोह टाळा. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जे आहे तेवढंच लिहा, म्हणजे तिकीट, परमिट आणि पासपोर्ट तिन्हीकडे एकच नाव राहील.

आता व्हिसा. परमिटच्या गडबडीत लोक हे विसरतात, आणि आपल्या मंडळींची खरी अडचण इथे होते. भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. त्यातून सूट मिळते ती अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा किंवा तिथलं कायम वास्तव्य असेल तर. ग्रीन कार्ड चालतं. तुमचा एचवनबीचा स्टॅम्प, म्हणजे पासपोर्टमध्ये चिकटवलेला व्हिसा, चालू असेल तर तोही चालतो. पण पासपोर्टमधला स्टॅम्प संपलाय आणि हातात फक्त नवीन आय-७९७, म्हणजे एचवनबी मंजूर झाल्याचं पत्र आहे, अशा स्थितीत कितीतरी जण वर्षानुवर्षं अमेरिकेत असतात. अमेरिकेत राहायला आणि नोकरी करायला ते पुरतं. मेक्सिकोच्या दृष्टीने मात्र तुमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. अमेरिकेचा ‘ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन’ नावाचा नियम आहे. ३० दिवसांच्या आत फक्त मेक्सिको किंवा कॅनडाला जाऊन आलात, आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची सरकारी नोंद) चालू आहे आणि तिकडे असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केला नाही, तर संपलेल्या स्टॅम्पवरही अमेरिकेत परत घेतात. नियम खरा आहे. पण तो अमेरिकेत परत येण्याचा आहे. मेक्सिकोत शिरण्याशी त्याचा काही संबंध नाही. स्टॅम्प संपलेला असेल तर आधी मेक्सिकोच्या वाणिज्य दूतावासातून त्यांचा व्हिसा काढा, मग हा नियम परतीला वापरा. बायकोचा स्टॅम्पही वेगळा तपासा. नवऱ्याचा चालू आणि एचफोर संपलेला, हे अगदी नेहमीचं आहे. मुलीचा प्रश्न सोपा: अमेरिकन पासपोर्टला व्हिसा लागत नाही, परमिट मात्र तिचंही वेगळं करायचं.

मागतं कोण, तर जाताना कदाचित कोणीच नाही. चेक-इनला पासपोर्ट बघतील आणि सोडतील. मला जास्त काळजी परतीच्या, म्हणजे कॅनकून-तिहुआना विमानाची वाटते, आणि हे जरा स्पष्टच सांगतो. तिहुआना हे सीमेवरचं शहर. अमेरिकेत चोरवाटेने शिरू पाहणारे जगभरचे लोक तिकडे येतात आणि त्यांत भारतीयही असतात. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोने ३११ भारतीयांना एकाच खास विमानाने दिल्लीला परत पाठवलं होतं. तेव्हा सीमेकडे जाणाऱ्या देशांतर्गत विमानातला भारतीय पासपोर्ट पाहून आयएनएमचा माणूस दोन प्रश्न जास्त विचारतो, हे समजण्यासारखं आहे. आवडो न आवडो. पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा आणि सोबत शिक्का मारलेलं परमिट असेल तर ही चौकशी अर्ध्या मिनिटात संपते. नसेल तर तुम्हाला बाजूच्या खोलीत बसवतात, आणि तुम्ही कॅनकूनला समुद्र बघायला गेला होतात हे मोडक्या स्पॅनिशमध्ये पटवून देईपर्यंत संध्याकाळ होते.

कायद्याची आवड असलेल्यांसाठी: देशाच्या आत कुठेही अशी तपासणी करता येते का, यावर मेक्सिकोत वाद झालेला आहे. चियापास राज्यातल्या त्सेल्ताल आदिवासी भावंडांना, म्हणजे त्यांच्याच नागरिकांना, बसमधून उतरवून परदेशी ठरवल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ मध्ये न्यायालयाने अशा तपासणीची कलमं घटनाविरोधी ठरवली. तरीही विमानतळावर कागद मागितले जातातच. शिवाय आपला कायदेशीर मुक्काम सिद्ध करणारे कागद परदेशी माणसाने जवळ बाळगावेत, असं २०११ चा तिथला स्थलांतर कायदा सांगतो. तेव्हा गेटवर उभं राहून घटनेवर चर्चा नको. कागद दाखवा आणि पुढे व्हा.

परमिट नसलेल्यांची आणखी एका ठिकाणी गोची होते. जाताना तिहुआनामार्गे स्वस्तात जायचं आणि येताना कंटाळा म्हणून कॅनकूनहून थेट अमेरिकेचं विमान घ्यायचं. ओळखीतलं एक जोडपं असंच अडकलं होतं, सीमा गाडीने ओलांडलेली, शिक्का कुठेच नाही. आंतरराष्ट्रीय विमानाच्या काउंटरवर परमिट मागतात, कारण मेक्सिकोतून बाहेर जाताना वेगळी इमिग्रेशनची रांग नसते, ते काम विमान कंपनीच करते. काउंटरवरून त्यांना विमानतळावरच्या आयएनएम कार्यालयात पाठवलं, तिथे कागदपत्रं, पैसे, प्रतीक्षा आणि शेवटी पुढचं विमान. कागदी परमिट मिळालं असेल तर त्याचा तुमच्याकडे दिलेला तुकडा पासपोर्टात नीट ठेवा, जाताना तोच परत द्यायचा असतो. मी फोनवर त्याचा फोटोही काढून ठेवतो.

कॅनकूनला ‘व्हिझिटॅक्स’ नावाचा आणखी एक प्रकार कानावर येईल. तो किंताना रो राज्याचा परदेशी पर्यटकांवरचा कर आहे, २०२१ पासून. त्याची पावती म्हणजे हे परमिट नव्हे, आणि परमिट असलं म्हणजे तो कर माफ असंही नाही.

आणि हे सगळं मेक्सिकोचंच खूळ आहे असं समजू नका. इक्वादोरमध्ये किटो किंवा ग्वायाकिलहून गालापागोसला जाणारं विमान देशांतर्गतच असतं, तरी चढण्याआधी २० डॉलरचं ट्रान्झिट कार्ड घ्यावं लागतं आणि उतरल्यावर राष्ट्रीय उद्यानाची फी, जी आपल्यासारख्यांना २०२४ च्या ऑगस्टपासून २०० डॉलर झाली. मलेशियात क्वालालंपूरहून साबा किंवा सारवाकला गेलात तर पुन्हा इमिग्रेशनची खिडकी. ल्हासाच्या विमानाला तिबेटचं परमिट नसेल तर परदेशी माणसाला चढूच देत नाहीत. मेक्सिकोचा फरक एवढाच की इथे चढू देतात, आणि त्यामुळेच लोक गाफील राहतात.

परतताना पूल वापरणार असाल तर त्याचं तिकीट आधीच काढून ठेवा, आणि तिहुआनाला उतरल्यावर शहरात फिरायला बाहेर पडू नका. पूल ओलांडायला उतरल्यापासून थोडेच तास मिळतात आणि ते चुकले तर सॅन इसिद्रोच्या रांगेत उभं राहावं लागतं. अमेरिकेच्या खिडकीवर आय-७९७ ची मूळ प्रत आणि आय-९४ ची छापील प्रत हाताशी ठेवा. घरी पोचल्यावर सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा खात्याच्या संकेतस्थळावर दोघांचं आय-९४ उघडून तारीख बघा. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर कधीकधी नवीन आय-९४ त्या तारखेपर्यंतच कापून देतात, आणि ते वेळेत लक्षात आलं नाही तर प्रकरण तिहुआनाच्या खोलीपेक्षा बरंच महागात पडतं.