वाचक विचारतात: घरात पाचशे मिमीची लेन्स असताना दुसरी पाचशे कशाला?

प्रश्न (भुसावळ): माझ्याकडे निकॉन डी७५०० कॅमेरा आणि २००-५०० मिमी एफ/५.६ झूम आहे. पक्ष्यांचे फोटो काढायला हिवाळाभर हतनूर धरणावर जातो, अधूनमधून यावलच्या जंगलात पायी फिरतो. ओळखीतून ५०० एफ/५.६ पीएफ (खास काचेमुळे हलकी) ही वापरलेली प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, मिळते आहे. दोन्ही ठेवाव्यात का?

उत्तर: पल्ला (५०० मिमी) तोच आणि उजेडही (एफ/५.६) तोच, त्यामुळे नव्या लेन्सने पक्षी वीतभरही जवळ येणार नाही. हतनूरच्या पाण्यावर ८० मीटरवर बसलेला चक्रवाक घ्या. तुमच्या कॅमेऱ्यात ५०० मिमीला त्या अंतरावर सुमारे पावणेचार मीटर रुंदीची चौकट मावते आणि पक्षी असतो ६५ सेंटिमीटरच्या आसपास. चौकटीच्या रुंदीतल्या ५,५६८ पिक्सेलपैकी त्याच्या वाट्याला येतात साडेनऊशे. झूम लावा नाहीतर प्राइम, हिशेब हाच.

जादा पैसे मोजायचे ते वजनासाठी आणि फोकसच्या वेगासाठी. कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासकट) झूम २,३०० ग्रॅमची, पीएफ १,४६० ग्रॅमची. बॉडी (नुसता कॅमेरा) धरून तीन किलो घेऊन यावलचे चढ चढायचे म्हणजे तिसऱ्या तासाला खांदा बोलू लागतो आणि पक्षी उडाला की कॅमेरा डोळ्यापर्यंत यायलाच उशीर होतो. हतनूरच्या काठी ट्रायपॉड लावून बसलात तर मात्र या फरकाला काही अर्थ नाही. गाडीच्या खिडकीतूनही तेच: बीनबॅगमध्ये (लेन्स टेकवायच्या पिशवीत) दोन किलो दादर ज्वारी भरली की कुठलीही लेन्स स्थिर बसते. (पावसाळ्यानंतर दादर बदला, किडे होतात.) उडत्या नदी सुरयावर पीएफ चटकन फोकस धरते, झूम मागे पडते. झूमवरचा फोकसचा खटका ‘६ मीटर ते अनंत’वर ठेवलात तर हे दुखणं बरंच कमी होतं. आधी हे करून पाहा, फुकट आहे.

पीएफची खोड अशी की सूर्य किंवा पाण्यावरची त्याची तिरीप चौकटीत किंवा चौकटीच्या कडेला आली, तर फोटोत रंगीत कडी उमटते. निकॉनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कमी करायची सोय आहे, पण सकाळी पूर्वेकडे तोंड करून बसणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. झूमची खोड वेगळी. फिरवताना तिची नळी आत-बाहेर होते आणि हवेबरोबर धूळ ओढते. आपल्याकडच्या फुफाट्यात हे क्षुल्लक नाही.

आता निर्णय. गेल्या दोन हिवाळ्यांतले तुम्ही जपून ठेवलेले फोटो लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेन्थनुसार (कितव्या मिमीला काढला त्यानुसार) मोजा. काढलेले सगळे नकोत, ठेवलेलेच. दहापैकी आठ ४५० च्या वर असतील तर तुमची झूम ही खरं तर एक जड प्राइम आहे. पीएफ घ्या आणि झूम विका. मधला पल्ला सुटेल अशी धास्ती असेल तर निकॉनची डीएक्स एएफ-पी ७०-३०० व्हीआर फक्त ४१५ ग्रॅमची आहे. पीएफ आणि ती मिळून १,८७५ ग्रॅम, म्हणजे एकट्या झूमपेक्षा कमीच. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही तीच उपयोगी पडेल. तिथे २५ मीटरवर ५०० मिमीला सव्वा मीटरही रुंदी मिळत नाही, घोड्याची मान आली की चौकट संपली.

निम्मे फोटो ३५० च्या खालचे निघाले तर ओळखीच्या माणसाला नाही म्हणा. दोन्ही लेन्स ठेवायचं पटण्याजोगं कारण आम्हाला एकच दिसतं: घरात फोटो काढणारी माणसं दोन आणि बॉड्याही दोन. पुढेमागे मिररलेस घ्यायचा बेत असला तरी त्यावरून काही ठरत नाही, निकॉनच्या मिररलेसवर या लेन्स बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरवर दोन्हींचा ऑटोफोकस चालतो.

प्रश्न (शहादा): रानपिंगळ्यासाठी १५०-६०० एफ/६.३ झूम वापरतो. उजेड कमी पडेल म्हणून ३०० एफ/४ पीएफ आणि १.४ चा टेलिकन्व्हर्टर (पल्ला १.४ पट करणारा जोड) घ्यावा का?

उत्तर: नको. कन्व्हर्टर लावला की ती ४२० एफ/५.६ होते आणि ६.३ च्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) हाती लागतो. १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये तुमच्याच शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला हा पक्षी दिवसा वावरतो, सागाची पानं गळल्यावर उघड्या फांदीवर बसतो. घुबड म्हटलं की अंधार, हे त्याला लागू नाही. त्याची उंची २३ सेंटिमीटरच्या आसपास. क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर २० मीटरवरून ६०० मिमीला तो चौकटीची चाळीस टक्क्यांहून जास्त उंची भरतो, ४२० ला तीस टक्के, नुसत्या ३०० ला वीस-बावीस. हातात आहे तीच झूम बरी. आणि मोबाइलवर आवाज लावून त्याला बोलावू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही.

प्रश्न (धुळे): जुनी आणि नवी ५०० मिमी लेन्स गच्चीवर शेजारी-शेजारी लावून दुपारी लांबच्या टाकीचे फोटो काढले. नवी मऊ निघाली, फोटो रेखीव नाहीत. परत करू का?

उत्तर: तुम्ही लेन्स नाही, धुळ्याची दुपार तपासलीत. तापलेल्या स्लॅबवरून उठणारी हवा थरथरते आणि प्रत्येक फोटो वेगळा बिघडतो. एसी गाडीच्या उघड्या काचेतूनही असंच होतं. सकाळी उन्हं चढण्याआधी १५ मीटरवरच्या भिंतीला वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. लेन्स एसी खोलीतली असेल तर अर्धा तास बाहेर ठेवा. यूव्ही फिल्टर काढा. स्वस्त फिल्टरमुळे चांगल्या लेन्स बदनाम होतात. ट्रायपॉड, व्हीआर (कॅमेरा हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद, एफ/५.६, सेल्फ-टायमर. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर पाहत) दर वेळी नव्याने फोकस करून दहा फोटो, मग व्ह्यूफाइंडरमधून दहा.

लाइव्ह व्ह्यूचे कडक, म्हणजे रेखीव, आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे मऊ आले तर लेन्स ठीक आहे, बॉडीत एएफ फाइन-ट्यून (ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती) करा. व्ह्यूफाइंडरच्या दहापैकी दोन-तीनच बिघडले तर त्यावरून काही ठरवू नका. लाइव्ह व्ह्यूमध्येही पानाची एकच बाजू दर वेळी मऊ येत असेल, तर आधी कॅमेरा भिंतीला काटकोनात आहे ना ते पाहा, मग लेन्स उलटी धरून, म्हणजे कॅमेरा डोक्यावर करून, पुन्हा काढा. आता पानाची दुसरी बाजू मऊ आली तर आतली काच सरकलेली आहे. मुदत असेतो परत करा.